व्हील स्पेसर: निवड, मोजमाप आणि बसवणी, नवख्यांसाठी

व्हील स्पेसर म्हणजे हब (चाक ज्यावर बसवतात तो फिरणारा भाग) आणि चाक यांच्या मध्ये बसणारी धातूची चकती. ती बसवली की चाक तिच्या जाडीएवढे बाहेर सरकते. काम साधे असले तरी ही चकती बसते ती जागा गाडीतल्या सर्वाधिक ताण सोसणाऱ्या सांध्यांपैकी एक आहे. बिघाड होतो तोही बहुतेक वेळा चकतीत नव्हे, या सांध्यात होतो. नट सैल पडतात, स्टड (हबमधून बाहेर आलेले आटेदार दांडे, ज्यांवर नट आवळतात) थकून तुटतात, चाक केंद्रात बसत नाही. म्हणून या लेखाचा भर सांध्यावर आहे. चांगल्या दर्जाचा, मापात बसणारा स्पेसर नीट आवळला तर वर्षानुवर्षे त्रास देत नाही, आणि महागातला स्पेसर गंजलेल्या हबवर घाईने चढवला तर तो धोकाच.

चाक हबवर कशाने टिकते

गाडीचे वजन स्टडवर टांगलेले असते असा समज आहे. तो चुकीचा आहे. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, आणि त्या ताणामुळे चाक हबच्या पृष्ठभागावर दाबून धरले जाते. वजन, ब्रेक आणि वळणातला जोर हे सगळे त्या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणातून जाते. एम१२ जाडीचा कोरडा स्टड ११० न्यूटन-मीटर टॉर्कने (पिळण्याच्या जोराने) आवळला तर ढोबळमानाने ४५ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास दाब मिळतो. पाच स्टडचा मिळून बावीस टनांहून जास्त. एवढा दाब असेपर्यंत चाक हबवर तसूभरही सरकत नाही आणि स्टडवर आडवा मार बसत नाही. दाब कमी झाला की चाक सूक्ष्म हालचाल करू लागते, प्रत्येक फेऱ्यात स्टड वाकतो आणि सुटतो, आणि काही शे किलोमीटरमध्येही तो थकून तुटू शकतो. एक तुटला की उरलेल्यांवर जास्त भार येतो, आणि पुढचे लवकर जातात.

आता लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. साधारण ३० मिमी लांबी ताणाखाली असलेला एम१२ स्टड वरच्या टॉर्कला ताणला जातो तो जेमतेम ०.०८ मिमी. स्पेसर आणि हबमध्ये ०.०५ मिमी जाडीचा रंगाचा किंवा गंजाचा थर राहिला आणि चालताना तो चेपला गेला, तर निम्म्याहून अधिक ताण गेला. टॉर्क रेंचने आकडा बरोबर दाखवलेला असूनही नट सैल होतो तो असा. स्पेसर बसवल्यावर एकमेकांवर टेकणाऱ्या पृष्ठभागांची एक जोडी वाढते, म्हणजे थर चेपला जाण्याची एक जागा वाढते. पुढे सफाईबद्दल जे आग्रहाने सांगितले आहे त्यामागे हे गणित आहे.

प्रकार आणि जाडी

३ ते ५ मिमी जाडीच्या सपाट चकत्या हबवर नुसत्या सरकवल्या जातात आणि चाक मूळ स्टडनेच आवळले जाते. हबच्या मध्यभागी जी गोल कड पुढे आलेली असते तीच चाकाला केंद्रात धरते. ती कड अनेक गाड्यांत ८ ते १२ मिमी उंच असते. ५ मिमीची चकती टाकल्यावर चाकाला धरायला निदान ५ मिमीच्या आसपास सरळ कड उरली पाहिजे. कडेच्या टोकाचा तिरका भाग त्यात मोजायचा नाही, कारण तो चाकाला धरत नाही.

६ ते १२ मिमी ही अडचणीची जाडी. हबची मूळ कड जवळजवळ पूर्ण चकतीतच गडप होते आणि चकतीवर स्वतःची नवी कड काढायला पुरेशी जागा नसते. काही गाड्यांच्या कडेची उंची पाहून बनवलेले चांगले स्पेसर या जाडीत मिळतात. पण कड नसलेली ८ किंवा १० मिमीची साधी चकती घेऊ नये. चाक फक्त नटांच्या शंकूसारख्या तिरक्या टोकांवर केंद्रात येईल असे गृहीत धरावे लागते, आणि तिथेच थरथर सुरू होते.

साधारण १२ ते २० मिमीमध्ये स्वतःची कड असलेले हब-सेंट्रिक (म्हणजे चाकाला कडेने केंद्रात धरणारे) स्पेसर येतात. ते लांब बोल्ट किंवा लांब स्टड लावून बसवतात. नवख्यांसाठी हा प्रकार सर्वांत सरळ आहे. बोल्ट लांब असल्याने तो जास्त ताणला जातो, त्यामुळे थोडा थर चेपला गेला तरी दाब तितका झपाट्याने उतरत नाही.

२० मिमीच्या पुढे बोल्ट-ऑन स्पेसर. हे आधी हबवर स्वतःच्या नटांनी आवळतात, आणि त्यांच्यातच बसवलेल्या स्टडवर चाक चढवतात. प्रत्येक चाकामागे दोन सांधे झाले, आणि आतला सांधा चाक काढल्याशिवाय दिसत नाही. एका पीसीडीच्या (स्टडच्या मांडणीच्या) हबवर दुसऱ्या पीसीडीचे चाक बसवणारे अॅडॉप्टर याच कुळातले. ते पहिल्याच प्रयत्नात हाताळू नयेत.

दोन स्पेसर एकावर एक कधीही लावू नयेत, आणि स्पेसरऐवजी वॉशर तर मुळीच नकोत. वॉशर फक्त स्टडभोवती टेकतो, मधली जागा पोकळ राहते, आणि घर्षणासाठी पृष्ठभागच उरत नाही.

मागवण्याआधी मोजायच्या गोष्टी

पहिली पीसीडी, म्हणजे स्टडची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास: ४×१००, ५×११२, ५×११४.३ वगैरे. ५×११२ आणि ५×११४.३ डोळ्यांना सारखेच दिसतात. २.३ मिमीचा फरक हाताने ढकलून जुळल्यासारखा वाटतो आणि मग प्रत्येक स्टड वाकलेल्या अवस्थेत आवळला जातो.

दुसरे माप हबच्या कडेचा व्यास. व्हर्निअर कॅलिपरने गंज काढून मोजा. फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत ५७.१, होंडाच्या ५×११४.३ हबवर ६४.१, ह्युंदाई आणि किआच्या बऱ्याच गाड्यांत ६७.१, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांत ७२.६ मिमी. यादीवर विसंबू नका, स्वतःच्या गाडीवर मोजा. स्पेसरचे आतले भोक या मापाचे हवे आणि त्याच्या बाहेरच्या कडेचा व्यास चाकाच्या मधल्या भोकाएवढा हवा. बाजारातल्या चाकांचे भोक बहुधा मोठे असते आणि त्यात प्लॅस्टिकची रिंग घालावी लागते. स्पेसर घेताना ही रिंग बसणार आहे का तेही पाहा.

तिसरे, आटे: एम१२×१.५, एम१२×१.२५, एम१४×१.५, एम१४×१.२५. दुसरा आकडा आट्यांमधले अंतर सांगतो. १.५ च्या स्टडवर १.२५ चा नट एक-दोन फेरे चढतो आणि मग आटे खातो.

चौथे, नट किंवा बोल्ट चाकावर जिथे टेकतो त्या जागेचा आकार. बहुतेक बाजारी चाकांत ६० अंशांचा शंकू असतो. फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि होंडाच्या कंपनीच्या चाकांत गोलाकार बैठक असते, काही जुन्या टोयोटांत सपाट वॉशरवाली. गोल बैठकीत शंकूचा बोल्ट घातला तर तो एका बारीक रेषेवर टेकतो. सुरुवातीला घट्ट वाटतो, मग त्या रेषेवरचे अॅल्युमिनियम दबते आणि बोल्ट सैल.

पाचवे, ऑफसेट, ज्याला ईटी म्हणतात: चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे मिलिमीटरमधले अंतर. जुन्या ईटीमधून स्पेसरची जाडी वजा करायची. चाक ईटी ४५ चे आणि स्पेसर १५ मिमीचा असेल तर परिणाम ईटी ३० चा. एका अॅक्सलची एकूण रुंदी जाडीच्या दुप्पट, इथे ३० मिमीने वाढते.

मग प्रत्यक्ष जागा. गाडी सपाट जमिनीवर उभी करून फेंडरच्या काठावरून ओळंबा सोडा आणि रिमच्या कडेपर्यंत व टायरच्या फुगीर बाजूपर्यंत अंतर मोजा. टायर बहुतेक ठिकाणी रिमपेक्षा बाहेर फुगलेला असतो, तेव्हा लहान आकडा तोच खरा. नंतर पुढचे स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून आतल्या पत्र्यापर्यंतचे अंतर पाहा. स्पेसरमुळे चाक शॉकअबसॉर्बरपासून दूर जाते, पण वळवल्यावर फेंडरच्या मागच्या काठाजवळ जास्त येते, आणि पहिला घास तिथेच लागतो. गाडीत चार माणसे बसवून पुन्हा मोजा. टायरच्या कडेवर खडूचा पट्टा मारून हळू वेगात उंचवटे आणि पूर्ण वळणे घेतली, तर घासले कुठे ते खडू सांगतो.

स्पेसरची गरज आहे का, हेही याच टप्प्यावर ठरवावे. मोठ्या ब्रेक कॅलिपरला रिम अडते, किंवा रुंद टायर शॉकअबसॉर्बरला लागतो, अशा ठिकाणी काही मिलिमीटर बाहेर सरकवणे हाच उपाय असतो. फक्त दिसण्यासाठी ३० मिमी हवे असतील तर योग्य ईटीची चाके घ्या, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात सांधे वाढत नाहीत. चाक बाहेर गेल्याचा बेअरिंगवर आणि स्टिअरिंगवर होणारा परिणाम मात्र दोन्हींत सारखाच.

बोल्टची लांबी: इथे सर्वाधिक चुका होतात

स्टड असलेल्या गाडीत नुसती चकती टाकली की नटाला मिळणारे आटे कमी होतात. १.५ मिमी आट्यांच्या स्टडवर ५ मिमीची चकती सव्वातीनहून थोडे अधिक फेरे खाते, १.२५ च्या स्टडवर पूर्ण चार. नटात किंवा हबमध्ये आट्यांची पकड निदान स्टडच्या जाडीएवढी असावी, हा सुरक्षित नियम. त्यातून फेऱ्यांची संख्या निघते: एम१२×१.५ ला किमान ८, एम१२×१.२५ ला १०, एम१४×१.५ ला साडेनऊ, एम१४×१.२५ ला साधारण सव्वाअकरा. नट हाताने लावा, चाकाला टेकेपर्यंत फेरे मोजा. संख्या कमी भरली तर चकती पातळ घ्या किंवा हबमध्ये लांब स्टड दाबून बसवून घ्या. शंकेच्या वेळी एक फेरा कमी म्हणून चालवून घेऊ नका. टोकाचे आटे अर्धवट असतात, म्हणजे खरी पकड मोजलेल्यापेक्षाही कमी असते.

बोल्टवाल्या गाडीत, म्हणजे जिथे स्टड-नटाऐवजी चाकातून थेट हबमध्ये बोल्ट आवळतात तिथे, मूळ बोल्टच्या आट्यांच्या भागात स्पेसरची जाडी मिळवायची. मूळ २७ मिमी आणि स्पेसर १५ मिमी असेल तर ४२ मिमी. लांबी बैठकीच्या खालच्या काठापासून टोकापर्यंत मोजतात, डोक्यासकट नव्हे. पडताळणीची एक खात्रीची पद्धत आहे. स्पेसर न लावता मूळ बोल्ट किती फेऱ्यांत टेकतो ते मोजून लिहून ठेवा. स्पेसर आणि नवा बोल्ट लावून पुन्हा मोजा. फरक एका फेऱ्याच्या आत हवा.

आखूड बोल्ट धोकादायक हे सगळ्यांना समजते. लांब बोल्टचा धोका मात्र लक्षात येत नाही. हबच्या मागे बाहेर आलेले टोक हँडब्रेकच्या यंत्रणेवर, एबीएसच्या सेन्सरवर किंवा मागच्या पत्र्यावर आपटते. चाचणी चाक लावूनच करायची, कारण चाक नसताना बोल्ट जास्त आत जातो. हाताने घट्ट करून चाक पूर्ण एक फेरा फिरवा आणि कान द्या. टिकटिक किंवा अडखळ जाणवली तर तो बोल्ट वापरायचा नाही. दुसरा प्रकार टोपी असलेल्या बंद नटांचा. स्टड लांब असला की त्याचे टोक टोपीच्या तळाला टेकते, टॉर्क रेंच खटकन आवाज करते आणि चाक प्रत्यक्षात आवळलेलेच नसते. लांब स्टडवर दोन्ही बाजूंनी उघडे नट वापरा.

बोल्ट-ऑन स्पेसरमध्ये अडचण उलटी असते. हबचे मूळ स्टड बाहेर २८ मिमी आणि स्पेसर २० मिमी, तर टोके ८ मिमी पुढे येतात आणि चाक स्पेसरवर टेकण्याऐवजी टोकांवर टेकते. काही चाकांना मागच्या बाजूने स्टडच्या भोकांमध्ये खोलगट खाचा असतात, त्यांत ही टोके मावतात. खाचा नसतील तर स्पेसर स्टडपेक्षा जाडच हवा. स्टड कापून काम भागवणारे असतात, पण मग तेच हब स्पेसरशिवाय वापरायची वेळ आली की आटे अपुरे पडतात.

स्पेसर हातात आल्यावर

६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ या अॅल्युमिनियम मिश्रधातूंतून यंत्रावर कातलेला स्पेसर घ्या. ओतीव, खडबडीत पृष्ठभागाचा नको. स्टड आणि बोल्टवर १०.९ ही मजबुतीची श्रेणी कोरलेली असावी. व्हर्निअरने किंवा मायक्रोमीटरने चार ठिकाणी जाडी मोजा, ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक आढळला तर परत करा. जाड काचेवर ठेवून बोटाने एका काठावर दाबा. डुगडुगला तर तो सपाट नाही. अॅनोडायझिंगचा (अॅल्युमिनियमवर दिलेला संरक्षक लेप) पातळ थर चालतो, पण टेकणाऱ्या बाजूंवर पावडर कोटिंगचा जाड रंग असेल तर तो वापरू नका. ०.०५ मिमीचा हिशेब वर झालाच आहे.

बसवण्याचा क्रम

साहित्य: जॅक, जॅक स्टँड, चाकांखाली लावायचे ठोकळे, टॉर्क रेंच, पातळ भिंतीचे सॉकेट, वायर ब्रश, खरखरीत नायलॉनची घासणी, ब्रेक क्लीनर, खडू. आतल्या नटांसाठी पातळ सॉकेट लागतेच. जाड सॉकेट स्पेसरच्या भोकात जात नाही आणि मग नट अर्धवट आवळले जातात.

१. सपाट, कठीण जमिनीवर गाडी उभी करा, उचलायच्या बाजूच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना ठोकळे लावा, जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा. मग उचलून जॅक स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर काम करू नका.

२. चाक काढून मूळ बोल्ट किंवा नट वेगळ्या पिशवीत ठेवा. ते पुन्हा लागणार आहेत.

३. ब्रेकची डिस्क धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या स्टडवर असतील तर काढून टाका. डिस्कचा छोटा स्क्रू पृष्ठभागाच्या वर आला असेल तर तो पूर्ण आत बसवा. अशी एक अर्ध्या मिलिमीटरची गाठसुद्धा स्पेसर तिरका ठेवते.

४. हब आणि डिस्कचा पुढचा भाग धातू चमकेपर्यंत घासा, विशेषतः कडेच्या मुळाशी, जिथे गंजाची वळी साठते. स्पेसर शेवटपर्यंत टेकत नाही तो बहुधा या वळीमुळे. चाकाची मागची बाजूही तशीच साफ करा. ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करा. डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे उपकरण) हाताशी असेल तर हब फिरवून त्याच्या पृष्ठभागाचा डोल मोजा, तो ०.०५ मिमीच्या आत असावा. ७० मिमी त्रिज्येवरच्या ०.१ मिमीच्या कणामुळे टायरचा काठ ०.४ मिमीहून अधिक डोलतो.

५. कडेच्या गोल बाजूवर अगदी पातळ, कापडाने जवळजवळ पुसून घेतलेला ग्रीसचा थर चालतो, म्हणजे अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना गंजून चिकटणार नाहीत. टेकणाऱ्या सपाट बाजूंवर, आट्यांवर आणि नटाच्या बैठकीवर ग्रीस किंवा तेल नको. तेलकट आट्यांवर तोच टॉर्क बराच जास्त ताण देतो आणि स्टड त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला जातो.

६. स्पेसर हाताने सरकवा. तो स्वतःहून पूर्ण टेकला पाहिजे. हातोडीने ठोकावा लागत असेल तर माप चुकले आहे किंवा गंज शिल्लक आहे. टेकल्यावर हबच्या भोवताली कुठेही पातळ कागद आत जात नाही ना ते तपासा.

७. बोल्ट-ऑन प्रकारात आता आतले नट. आधी हाताने सगळे लावा, मग समोरासमोरच्या क्रमाने आवळा. पाच नट असतील तर एक सोडून एक, म्हणजे चांदणी काढल्यासारखे. पहिल्या फेरीत पूर्ण टॉर्कच्या तिसऱ्या भागाएवढे, दुसऱ्या फेरीत दोन तृतीयांश, तिसऱ्या फेरीत पूर्ण. हब फिरू नये म्हणून कुणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांगा. आट्यांवर लॉकिंग द्रव लावायचा की नाही हे स्पेसर बनवणाऱ्याच्या सूचनेप्रमाणेच ठरवा.

८. चाक चढवा. सगळे नट किंवा बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवा आणि फेरे मोजा. चाक टायरच्या वजनाने खाली लोंबत असेल तर शंकू नीट बसत नाही. एका हाताने वर उचलून धरा. चांदणीच्या क्रमाने हलके आवळा.

९. टायर जमिनीला जेमतेम टेकेल इतकी गाडी उतरवा आणि टॉर्क रेंचने पूर्ण आवळा. आकडा गाडीच्या पुस्तिकेतला. एम१२ साठी तो बहुधा ९० ते १२०, एम१४ साठी १२० ते १५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. इम्पॅक्ट गनने शेवटचे आवळणे करू नका. एका स्टडवर ८० आणि शेजारच्यावर २०० अशी विषमता तिथूनच येते.

१०. प्रत्येक नटावर आणि चाकावर सलग जाईल अशी रंगाची रेघ मारा. नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून, चाके थंड झाल्यावर पुन्हा टॉर्क तपासा. बोल्ट-ऑन असेल तर चाक काढून आतले नटही तपासायचे. हे टाळले जाते आणि नेमके तिथेच सैल पडते. नट थोडासा सरकला तर ठीक. पाव फेरा फिरला तर चाक, स्पेसर दोन्ही काढून पृष्ठभाग पाहा, कारण मध्ये काहीतरी चेपले गेले आहे. साधारण ५०० किलोमीटरवर आणखी एकदा, आणि नंतर दरवेळी टायर अदलाबदल करताना.

चालण्यात काय फरक पडतो

वाढीव रुंदीचा फायदा खरा आहे, पण छोटा. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असतो. १५०० मिमी रुंदी १५३० केली तर तो सुमारे २ टक्क्यांनी कमी होतो. याच गाडीत चांगल्या टायरने आणि योग्य हवेने याहून कितीतरी जास्त पकड मिळते. फक्त वेगासाठी स्पेसर घेणाऱ्याने आधी टायरवर खर्च करावा.

वजनही वाढते. १५० मिमी व्यासाचा २० मिमीचा अॅल्युमिनियम स्पेसर स्टडसह एक किलोच्या आसपास भरतो. ते वजन केंद्राजवळ असल्याने गती घेण्यात फरक जाणवत नाही, पण स्प्रिंगखालचे वजन म्हणून ते मोजावे लागते. चाक बाहेर गेल्याने त्याचा सस्पेन्शनवरचा तरफेचा हात लांबतो, स्प्रिंग थोडी मऊ वाटते. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) आणि टो (वरून पाहता चाकाची दिशा) बदलत नाहीत.

पुढच्या चाकांवर मोठा बदल स्टिअरिंगमध्ये होतो. स्टिअरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो तो बिंदू आणि टायरच्या पट्ट्याचा मध्य यांच्यातल्या अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. १५ मिमीचा स्पेसर ते अंतर १५ मिमीने बाहेर नेतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांत ते मुद्दाम ऋण ठेवलेले असते, म्हणजे एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी गाडी स्वतःला सावरते. स्पेसरने ते धन झाले की सावरण्याऐवजी स्टिअरिंग जास्त ब्रेक लागणाऱ्या बाजूला ओढते. खड्ड्यांचे धक्के हातात येतात, जोरात गॅस दिला की स्टिअरिंग खेचते. म्हणून पुढे मागच्यापेक्षा पातळ स्पेसर ठेवावा. १० मिमीपर्यंतचा फरक बहुतेकांना जाणवत नाही, २० च्या पुढे बहुतेकांना जाणवतो.

बेअरिंगवरचा परिणाम असा: एका चाकावर ४०० किलो असतील आणि चाक १५ मिमी बाहेर गेले, तर सरळ चालतानाही सुमारे ६० न्यूटन-मीटरचा वाकवणारा जोर सतत वाढतो. खड्ड्यात क्षणभर तो अनेक पटींनी जास्त होतो. पातळ स्पेसरने बेअरिंग लगेच जात नाही, पण जाड स्पेसर, मोठे टायर आणि भरलेली गाडी एकत्र आली की त्याचे आयुष्य घटते. जड ओझे किंवा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीवर स्पेसर टाळावा. विमा आणि नोंदणीचे नियमही बसवण्याआधी वाचा. फेंडरबाहेर आलेला टायर अनेक देशांत चालत नाही.

लक्षणे आणि कारणे

८० ते ११० किमी वेगाच्या पट्ट्यात स्टिअरिंग थरथरते आणि चाके बॅलन्स करूनही थांबत नाही, तर चाक केंद्रात बसलेले नाही: कड, रिंग किंवा भोक तपासा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथर येत असेल तर हबवर राहिलेली घाण किंवा असमान टॉर्क बघा. हळू वेगात वळताना टकटक ऐकू आली, किंवा नटाभोवती लालसर भुकटीच्या रेषा दिसल्या, तर सांधा हलतो आहे. गाडी तिथेच थांबवा आणि आवळून पुढे जाण्याचा मोह टाळा. सैल अवस्थेत चाललेल्या चाकाचे सगळे स्टड किंवा बोल्ट बदलायचे, न तुटलेलेसुद्धा. त्यांत सुरू झालेली भेग डोळ्यांना दिसत नाही. चाकाची भोके अंडाकृती झाली असतील तर चाकही बाद.

स्टेपनी आणि स्पेसर काढणे

स्टेपनीचे चाक बहुधा पोलादी आणि पातळ असते. लांब बोल्टवाल्या गाडीत रस्त्यावर स्टेपनी लावायची वेळ आली तर स्पेसर काढून मूळ बोल्ट वापरायचे. ती पिशवी आणि लॉकिंग बोल्टची चावी गाडीतच ठेवा. लांब बोल्ट स्पेसरशिवाय लावले तर हबच्या मागे घुसून ब्रेकची यंत्रणा फोडतात. बोल्ट-ऑन प्रकारात स्टेपनी स्पेसरवर नीट टेकते का ते घरीच एकदा लावून बघा.

गंजून चिकटलेला स्पेसर काढताना पट्टी घालून एका बाजूने उचकटू नका, काठ मोडतो आणि हबला ओरखडे पडतात. कडेभोवती गंज सैल करणारे तेल सोडा, तासभर थांबा, मग रबरी हातोडीने चारही बाजूंनी आलटून पालटून ठोका. काही स्पेसरना ढकलून काढण्यासाठी आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत बोल्ट सारखे फिरवत गेले की तो सरळ बाहेर येतो. काढल्यावर तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसा, डिस्कवर आणि पॅडवर गेलेले आधी. हब पुन्हा चमकेपर्यंत घासा, मूळ बोल्ट लावा आणि पन्नास किलोमीटरनंतर टॉर्क तपासा.